सुंबा धरणारी

पिन म्हटलं की ज्यांना टाचणी आठवते त्यांनी ती आधी बाजूला ठेवावी. इथली पिन मनगटापेक्षा जाड असते. खोदाईच्या मशीनचा हात जिथे बकेटला जोडलेला असतो, तिथे ती आरपार गेलेली असते. तिला वेळच्या वेळी ग्रीस दिलं तर ती कधी कुरकुर करत नाही. पण वेळच्या वेळी ग्रीस देणारा ऑपरेटर आणि न सांगता दात घासणारं पोर, दोन्ही सारखेच दुर्मिळ. मग पाणी आत शिरतं, चिखल शिरतो, गंज धरतो आणि एक दिवस पिन आणि तिच्याभोवतीचं लोखंड यांचा एकच गोळा होऊन बसतो. मालक मशीनभोवती फेऱ्या घालतो. दोन धट्टेकट्टे गडी घण घेऊन तिच्यावर सोडतो. त्यांनी जेवढं ठोकावं तेवढं पिनेचं डोकं फुलतं आणि ती जास्तच अडकते. बुडत्याचा पाय खोलात, तसलाच प्रकार. सगळ्यांचे दंड भरून आले की कुणीतरी कपाळावरचा घाम पुसत म्हणतं, "हळू मिस्त्रींना बोलवा."

हळू हे त्यांचं नाव नव्हे, ती त्यांची सवय. समोरचा कितीही तणतणत असला तरी ते "हळू, हळू" म्हणायचे आणि कामही तसंच करायचे. पहिल्या दिवशी घण गाडीतून खालीसुद्धा उतरायचा नाही. पिनेच्या कडेकडेने डिझेल आणि रॉकेल सोडायचं, वर ओलं फडकं गुंडाळायचं आणि सरळ घरी जायचं. मालकाचा जीव टांगणीला. एका मालकाने तर तोंडावर म्हटलं होतं, "मिस्त्री, तेल घालायला तर माझी आईसुद्धा आली असती." मिस्त्री म्हणाले, "मग त्यांनाच बोलवायचं. गंजाला घाई कळत नाही, म्हाताऱ्या माणसांना तेवढं ठाऊक असतं."

हळू मिस्त्री आले की त्यांच्याबरोबर काकू येणार हे ठरलेलं. ही गोष्ट काकूंची आहे.

काकू सुंबा धरायच्या. सुंबा म्हणजे हातभर लांबीचा पोलादी दांडा. त्याचं एक टोक पिनेवर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकावर घणाचा घाव घ्यायचा. घाव घालणाऱ्याला सगळे बघतात, कारण त्याचे दंड दिसतात, त्याचा हुंकार ऐकू येतो. धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो फक्त आपली दोन मनगटं घणाखाली ठेवून बसलेला असतो. घण वीतभर जरी सरकला, तरी पुढचं आयुष्य त्याला डाव्या हाताने जेवावं लागेल. किंवा उजव्या. ते घणावर अवलंबून.

लग्न होऊन नुकत्याच आलेल्या काकू एकदा डबा घेऊन कामावर गेल्या होत्या. मिस्त्रींचा मदतनीस आदल्या दिवशी बोट चेचल्यामुळे घाबरून निघून गेला होता. त्याची चपलांची जोडी अजून मशीनखाली पडलेली. पिनेभोवतीचं लोखंड तापलेलं, मिस्त्री घण घेऊन एकटे उभे, आणि धरायला कुणी नाही. काकूंनी डबा दगडावर ठेवला.

"मी धरू का?"

"भिशील."

"तुमचा नेम चुकणार आहे का?"

"नाही."

"मग मी कशाला भिऊ?"

त्या दिवशी काकूंनी जो सुंबा धरला तो धरलाच. गॅरेजांच्या गल्लीत टिंगल झाली. बायकोला घणासमोर उभं करणारा हा पहिलाच नवरा, असं शेजारचा वेल्डर म्हणायचा. काकू त्याला सुनवायच्या, "बरं आहे की. ज्याच्या घणाखाली रोज बायकोचे हात असतात त्याला घरी आवाज चढवायची हिंमत होत नाही." हे काही खरं नव्हतं. मिस्त्रींनी आवाज चढवलाच नसता, घण असो वा नसो. पण वेल्डर गप्प बसायचा.

दोघांचा एक नियम होता. घण डोक्यावर नेण्याआधी मिस्त्री विचारायचे, "आहेस?" काकू म्हणायच्या, "आहे." मगच घाव. पुन्हा "आहेस?" पुन्हा "आहे." दिवसभर, प्रत्येक घावाला. नवख्या माणसाला वाटायचं, मिस्त्रींना डोळ्यांनी दिसत नाही की काय. समोर तर बसलीय बाई. पण एकदाही, जेवायला उशीर होत असताना किंवा आभाळ भरून आलेलं असतानासुद्धा, मिस्त्रींनी त्या एका शब्दाशिवाय घण खाली आणला नाही. पिन सुटली की खाली ठेवलेल्या वाळूच्या पोत्यावर धप्पकन पडायची, आणि मिस्त्री सगळ्या जगाला सोडून फक्त काकूंना सांगायचे, "निघाली गं." जणू काकू दुसऱ्या गावी होत्या आणि त्यांना बातमी पोचवायची होती.

काकूंना हे सगळं तेव्हा मोठंसं वाटलं नव्हतं. संसारात माणसाला जे रोज मिळतं त्याची किंमत कळत नाही, हे सांगायला नको.

पहिली चूक काकूंनी पाहिली ती रस्त्याच्या कामावरच्या एका रोलरपाशी. पिन तापवण्यात एक मेख असते. ज्योत पिनेला द्यायची नाही, ती पिनेभोवतीच्या लोखंडाला द्यायची. बाहेरचं लोखंड तापून पसरलं की पिनेला जागा होते. पिनच तापवली तर तीच फुगते आणि होती नव्हती ती फट बंद होते. नवशिक्याने असं केलं की मिस्त्री त्याच्या हातातली गॅसची नळी काढून घ्यायचे आणि दिवसभर परत द्यायचे नाहीत. त्या दिवशी मिस्त्रींनी ज्योत सरळ पिनेवर धरली. लाल होईपर्यंत धरली. चेहऱ्यावर नेहमीचं समाधान.

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी मिस्त्रींच्या कोपराला हळूच बोट लावलं आणि ज्योत बाजूला सरकवली.

"काय गं?"

"काही नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं तुमच्या."

परत येताना टेम्पोत मिस्त्रींनी विचारलं, "आज आपण कुठे गेलो होतो?" काकूंनी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा सांगितलं, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. काकूंनी मूठ अशी काही आवळली की गल्लीत कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. गॅस बंद केला का ते त्या बघायच्या. कुठला पाना कुठे ठेवला ते त्या लक्षात ठेवायच्या. गिऱ्हाइकाने मिस्त्रींना काही विचारलं आणि मिस्त्री नुसतेच हसले की काकू मध्येच बोलायच्या, "त्यांना काय विचारता, ते हळूच सांगणार. माझ्याशी बोला." लोक हसायचे. लोकांना हसवलं की ते खोलात जात नाहीत.

पण घरात कुणाला हसवायचं? घर म्हणजे सुट्या भागांच्या दुकानामागच्या दोन खोल्या. एका संध्याकाळी मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसून आपल्या सदऱ्याची घडी घालत होते. घडी नीट झाल्यावर तो मांडीवर घेऊन ते काकूंना म्हणाले, "बाई, फार केलंत तुम्ही. पण आता निघतो. आमच्या घरी वाट बघत असतील." इतक्या अदबीने तर ते लग्नातसुद्धा काकूंशी बोलले नव्हते. काकूंनी "चहा घेऊन जा" म्हटलं, स्वयंपाकघरात गेल्या, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मिस्त्री निघायचं विसरले होते.

असे दिवस वाढत गेले. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्यातून, मग कुठला दिवस कसा निघेल याचा भरवसाच राहिला नाही. मात्र एक गोष्ट टिकून होती. मशीनसमोर घण हातात आला की मिस्त्रींची पाठ ताठ व्हायची, नजर ठिकाणावर यायची. ते समोर बघायचे, विचारायचे, "आहेस?" आणि त्या विचारण्यात काकूंना सगळं ऐकू यायचं. तो आवाज परक्या बाईला विचारल्यासारखा नसायचा.

म्हणून काकू कामं घेऊ लागल्या. पूर्वी लांबची कामं नाकारायच्या, आता कुठलंही घ्यायच्या. गल्लीत म्हणू लागले, म्हातारपणी हाव सुटली बाईला. नवऱ्याचं वय बघत नाही, त्याला उन्हातान्हात हिंडवते. वेल्डरने तर तोंडावर विचारलं. काकूंनी त्याला नेहमीसारखं सुनवलं नाही, नुसत्या पुढे गेल्या. त्यालाच नंतर चुटपुट लागून राहिली.

लेक दुसऱ्या शहरात दवाखान्यात रक्ततपासणीचं काम करायची. ती सुट्टीला आली तेव्हा मिस्त्रींनी तिला दोन दिवस आपली बहीण समजून लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी लेक त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, बाबांच्या हातात घण द्यायचा नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"डॉक्टरांनी त्यांना पिन काढताना बघितलंय?"

"खाली तुझे हात असतात, आई."

"तू जन्मायच्या आधीपासून आहेत. मोजून बघ, सगळी बोटं आहेत."

"तेव्हाचे बाबा वेगळे होते."

काकू भाजी चिरत होत्या. विळी त्यांनी बाजूला सरकवली. "हे बघ," त्या म्हणाल्या, "या घरात मी त्यांना कुणीतरी बाई वाटते. बरी आहे, चहा देते, एवढंच. घण उचलला की मी त्यांची बायको असते. तेवढी एकच जागा राहिलीय माझी. तीही तू काढून घेणार?"

लेक हळूच म्हणाली, "आणि एखाद्या दिवशी तिथेही ओळखलं नाही तर?"

"तर त्या दिवशी घण तुझ्या हवाली. नदीत टाक, नाहीतर भंगारात घाल. मी एक शब्द बोलणार नाही."

दिलेल्या शब्दाला काकू पक्क्या होत्या, हे लेकीला माहीत होतं. ती म्हणाली, "मग पुढच्या कामाला मी येणार."

पुढचं काम आलं ते दगडाच्या खाणीतून. एक जुनं लोडर खाणीच्या कड्याला एक बाजू लावून उभं होतं. खाण मध्यंतरी बंद पडली होती, ती पुन्हा सुरू होणार होती, आणि बकेटची पिन जागची हलत नव्हती. ऑपरेटरने आपल्या परीने ठोकून तिचं डोकं छान फुलवून ठेवलं होतं. आदल्या दिवशी काकूंनी फुललेली कड घासून काढली, डिझेल सोडलं, फडकी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पोचली. लेक मागे बसून आईच्या हातांकडे बघत होती.

ज्योत लावताना काकूंचं बोट मिस्त्रींच्या कोपरावर होतंच. पण त्या दिवशी त्याची गरज पडली नाही. मिस्त्रींनी बाहेरचं लोखंड असं गोल गोल तापवलं की ऑपरेटर बघतच राहिला. मग त्यांनी घण उचलला, समोर पाहिलं.

"आहेस?"

"आहे."

घाव सुंब्याच्या टोकावर बरोबर मधोमध बसला. काकूंनी लेकीकडे नजर टाकली. बघितलंस, असं त्या नजरेत होतं. पुन्हा "आहेस?" पुन्हा "आहे." आधी नुसताच बद्द आवाज येत होता, मग तो मोकळा होऊ लागला, आणि पिन बोटभर आत सरकली. मग चार बोटं. सुंबाही तिच्या मागोमाग भोकात शिरला आणि तिथेच घट्ट उभा राहिला. इथून पुढे खरं तर तो धरायची गरज नसते. भोकच त्याला धरून ठेवतं. हे काकूंना पहिल्या वर्षापासून माहीत होतं, मिस्त्रींनाही माहीत होतं, पण दोघांपैकी कुणी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेवटच्या घावापर्यंत धरणारी धरायची आणि विचारणारा विचारायचा.

मिस्त्रींना दम लागला म्हणून लेकीने त्यांना सावलीत नेऊन बसवलं. काकू लोखंड निवू नये म्हणून ज्योत फिरवत राहिल्या. बसणं असं कितीसं? घामाने भिजलेली बनियन वाऱ्याला जरा गार झाली असेल, तेवढंच. मिस्त्री उठून परत आले, घण हातात घेतला, समोर पाहिलं आणि थांबले.

काकू सुंब्याला हात लावून बसल्या होत्या.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा. हात जातील."

काकूंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अहो, मी आहे," त्या म्हणाल्या.

"ते खरं. पण सुंबा आमची ही धरते. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी घण आणत नाही."

ऑपरेटर बिचारा भाबडा. त्याला वाटलं, नवरा-बायकोची थट्टा चाललीय. तो हसत म्हणाला, "काका, काखेत कळसा अन् गावाला वळसा. या काय समोर बसल्यात तुमच्या." बोलता बोलता त्याने काकूंचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

मिस्त्रींनी काकूंकडे नीट निरखून पाहिलं. कुणाचं मन दुखावू नये म्हणून माणूस बघतो तसं. "नाही हो," ते म्हणाले. "या नव्हेत. आमची बारीक आहे. डबा घेऊन आली होती, इथेच कुठेतरी असेल. ती आल्याशिवाय मी घाव घालणार नाही."

लेक पुढे आली. तिचा हात घणाकडे गेला होता. दिलेला शब्द पाळायची वेळ आली होती आणि काकूंना तो मोडायचा नव्हता. पण अर्धी सरकलेली तापलेली पिन तशी सोडून जात नाहीत. ती निवली की पहिल्यापेक्षा घट्ट धरते, मग मिस्त्रींनाही काढता येत नाही. मिस्त्रींचं हे शेवटचं काम अर्धवट राहावं, हे काकूंना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी लेकीला मानेनेच थांबवलं. सुंब्यावरचे हात काढले. उठल्या, पदर खोचला आणि बकेटला वळसा घालून मशीनच्या पलीकडे गेल्या. तिथे कडा आणि बकेट यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा होती. तिथून मिस्त्री दिसत नव्हते, मिस्त्रींनाही काही दिसत नव्हतं.

मग सवयीने असेल किंवा कशाने असेल, मिस्त्रींचा आवाज आला.

"आहेस?"

काकू म्हणाल्या, "आहे."

"कुठे होतीस इतका वेळ?" मिस्त्री म्हणाले, आणि घाव बसला.

"आहेस?" "आहे." "आहेस?" "आहे." काकूंच्या समोर, गंजलेल्या भोकातून पिनेचं टोक हळूहळू बाहेर येऊ लागलं. इतकी वर्षं त्या घणाच्या बाजूला बसत आल्या होत्या. पिन या बाजूने येताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. प्रत्येक "आहे" नंतर ती थोडी पुढे यायची, आणि ती जेवढी पुढे येत होती तेवढं त्यांचं बोलणं संपत येत होतं. काकूंच्या मनात आलं, ही अडकून बसावी. आयुष्यभर त्यांनी पिना निघाव्यात म्हणून जीव टाकला होता. आज पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, हिने हलू नये.

पण काम चोख झालं होतं. पिन सुटली आणि पोत्यावर धप्पकन पडली.

"निघाली गं," मिस्त्री पलीकडून म्हणाले.

"निघाली," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींच्या आवाजात इतका आनंद होता की काकूंना वेडी आशा वाटली. आत्ता गेलं तर कदाचित ओळखतील. त्या घाईघाईने वळसा घालून पुढे आल्या. आयुष्यभर हळू चालणाऱ्या कामातली बाई, पण तेवढी एकदा धावल्यासारखी आली. मिस्त्री बकेटला टेकून उभे होते. लेकीने घण आपल्याकडे घेतला होता आणि तो त्यांनी निमूट दिला होता. ते काकूंकडे बघून ओळखीचं नसलेलं, भलं हसू हसले.

"बाई, एक काम कराल का? आमची ही पलीकडे आहे. सकाळपासून उन्हात आहे, पण स्वतःहून काही मागायची नाही. तिला जरा पाणी द्या."

"देते," काकू म्हणाल्या.

त्यांनी पाण्याची बाटली घेतली. लेक "आई" म्हणाली, पण त्या थांबल्या नाहीत. मशीनच्या पलीकडे, कडा आणि बकेट यांच्यामधल्या त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या आणि पाणी प्यायल्या. सगळं प्यायल्या, कारण मिस्त्रींनी ते काळजीने पाठवलं होतं.

"प्यायलीस का गं?" पलीकडून आवाज आला.

"प्यायले."

"बरं. चल मग घरी."

घरी जायचं तर मशीनच्या पुढूनच जायला हवं होतं. मागे नुसता कडा होता. पुढे गेलं की मिस्त्रींना त्यांची बायको पुन्हा कुठे मिळणार नव्हती. घण लेकीने गाडीत ठेवला, त्याचा आवाज काकूंनी ऐकला.

"येतेस ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"आलेच," काकू म्हणाल्या आणि रिकामी बाटली हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.